वारा सुटला की

सकाळी पावणेसहाला सुन्वाचा फोन.
ती दक्षिणेच्या बेटावर, धक्क्यावरच्या तिकीटखिडकीत,
मी तोर्सहाव्नमध्ये, एका पायात मोजा.
"पडदा नुसता गरगर फिरतोय," ती म्हणाली,
"आणि वारा सुटलाय."
वाऱ्याचं ती दर वेळी सांगते.
मी ते लिहून घेत नाही.

लॉगमध्ये एकच ओळ, शेकडो वेळा:
तीस सेकंद वाट पाहिली, जोडणी मिळाली नाही.
तीस सेकंद म्हणजे किती
हे लॉगला ठाऊक नसतं.
कडेवर मूल घेऊन रांगेत उभं असलेल्याला असतं.

हायनीने मुदत वाढवली, तीसची साठ.
लोक दुप्पट वेळ थांबून
तेच उत्तर घेऊन मागे फिरू लागले.
मग जोडण्या वाढवल्या, वीसच्या चाळीस.
दुपारपर्यंत बरं चाललं.
मग चाळीसही संपल्या.
एक वाजता त्याने सगळं बंद करून चालू केलं
आणि आम्ही गप्प बसलो,
घरात कुणाचा तरी ताप उतरल्यावर बसतात तसे,
का आला होता, ते विचारायची कुणाची छाती नाही.

संध्याकाळी पुन्हा तेच.

सव्वासातला मी डेटाबेसमध्ये डोकावले.
तिथे कसली घाई नव्हती.
प्रोसेसर चार टक्क्यांवर, डिस्क थंडगार.
चाळीस जोडण्या उघड्या,
चाळीसही कुणाच्या तरी नावावर,
आणि एकही तोंड उघडत नाही.
व्यवहार सुरू केलेला, पुरा न केलेला.
सगळ्यात जुनी
पाच तास अकरा मिनिटं
रिसीव्हर कानाला लावून गप्प.

आमच्या विणकाम मंडळात
सुयांचे वीस जोड खुंट्यांना टांगलेले असतात.
स्वेटर पुरा करणारी बाई जोड आणून लावते, न चुकता.
जी मध्येच सोडते
तिची सुई अर्ध्या बाहीत अडकून राहते,
बाही पिशवीत, पिशवी कपाटावर.
चोर कुणीच नसतं.
तरी फेब्रुवारीत खुंट्या रिकाम्या.

पाच तास अकरा मिनिटं मागे मोजली.
दोन वाजून चार मिनिटं.
दोनला काय झालं होतं?
हायनीने बंदराचा फलक उघडला:
दोनची फेरी रद्द.
कारण: वारा.

मग ते फंक्शन सापडलं, सहा वर्षांपूर्वीचं,
खाली माझीच आद्याक्षरं.
जोडणी घे. फेरी शोध.
फेरी रद्द असेल तर प्रवाशाला तसं कळव
आणि इथूनच परत फिर.
जोडणी परत ठेवायची ओळ त्याच्या खाली,
शेवटाला, जिथे फक्त
ज्यांची बोट सुटते ते पोचतात.

रद्द फेरीबद्दल जो जो विचारी
त्याच्यापायी एकेक सुई कपाटावर.
हात झटकून मोकळं व्हायची एवढी घाई,
की हातात काय आहे ते पाहिलंच नव्हतं मी.

ओळ हलवली.
आता शेवट काहीही होवो, घेतलेलं जागेवर ठेवूनच जायचं.
एवढंच. दुरुस्तीला नऊ मिनिटं लागली.

सुन्वाला फोन केला.
"वाराच होता," मी म्हटलं.
पलीकडे ती काहीतरी चघळत होती, बहुतेक सुकं मांस.
"मग मी काय सांगत होते?"

गुरुवारी पुन्हा सुटला.
छपरांवरचं गवत एका अंगाला झोपलं.
सकाळची फेरी रद्द, नंतरचीही.
मी जोड्यांचा आकडा बघत बसले:
सात, तीन, आठ, एक.
शून्य.
धक्क्यावर कुणीतरी कडेवरचं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं असेल,
फोनवर बोट टेकवलं असेल,
आणि अर्ध्या सेकंदात
उत्तर आलं असेल:
आज बोट नाही.