नमदा

तेलटाकीचं झाकण फिरवलं, स्प्रिंग उडी मारून बाहेर आली
आणि तिच्यामागून तो:
वीतभर, काळा,
भिजल्या उंदरासारखा लिबलिबीत.
एकावन्न सालच्या मॅचलेसचा ऑइल फिल्टर.
बोटांनी दाबला तर जाळीवरून सुटून हातातच आला.
याकूब परकार म्हणाले, हा गेला, मॅडम.
आणि हात पुसले.

रविवारी निघाले.
वागळे इस्टेट, सोळा नंबर रोड:
ट्रकचा आहे, जेसीबीचा आहे,
जनरेटरचा न्या, वरून कापून देतो.
तुर्भ्याला एकाने कॅटलॉग उघडला,
मारुतीपाशी थांबला, पुढे जाईना.
कळव्याच्या पोराने गाडीचं नाव विचारलं.
सांगितलं. त्याने लिहून घेतलं: माचिस.
विलायतेहून मागवावा
तर फिल्टर नऊ पौंडांचा, त्याचं टपाल बावीस.
आणि कागदाचा नको, परकारांनी बजावलेलं,
हिच्या पंपाला तेवढी छाती नाही,
तेल ढकलता ढकलता धाप लागून मरेल.

मी आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवते.
मिळत नाही तर निदान कागदावर असावा म्हणून
काढला: समोरून, बाजूने, मधोमध कापून.
लांबी. बाहेरचा व्यास.
जाडीपाशी पेन्सिल अडली.
नवा असताना केवढा फुगीर होता, कोण सांगणार?
इनास डिमेलो सांगू शकले असते,
त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.
गाडी विकताना रेजिनाबाय एवढंच बोलली होती,
तेल तो सोताच बदलायचा,
मना हात लावू नाय द्यायचा.

चरईत एका दुकानाच्या पायरीवर
पोट उघडून ठेवलेली पेटी दिसली.
पट्ट्या काढलेल्या, आणि त्यांच्या जागेखाली
लाल, मऊ, जाडसर काहीतरी.
मागून रिक्षावाला ओरडला, तेव्हा कळलं
मी रस्त्याच्या मध्येच उभी आहे.

मोरेश्वर टिपणीसांनी चष्म्यावरून पाहिलं.
शिकायचंय का?
नाही, नमदा हवाय.
लोकरीचाच ठेवतो मी, म्हणाले,
दुसऱ्यात दम नसतो, चार पावसाळ्यांत बसून जातो.
मग कागद मागितला,
उलटा धरला, सुलटा धरला,
परकारांनी नसतं पाहिलं इतका वेळ पाहिला.
म्हणजे काम तेच की.
सूर जाऊ द्यायचा,
लाकडाची खटखट अडवायची.

एकशे चाळीस रुपये.
आणि सुरू झाली की ऐकायला बोलवायचं.

रात्री शिवायला बसले,
चांभाराकडून आणलेला मेणाचा दोरा,
शिवण आतून, उशीच्या अभ्र्याला घेतात तशी.
दोनदा उसवली.
जुना टाकून देणार होते.
उगाच घासलेटात बुडवला, पिळला, परत बुडवला.
बशीच्या तळाशी पितळेची धूळ,
वाळूचे दोन कण,
आणि एक केस, सरळ, करडा,
कुत्र्याचा असेल, इनासांचाही असेल.
मी दिवा जवळ घेतला.
मग बशी तशीच ओट्यावर ठेवून झोपले,
सकाळी मुंग्यासुद्धा आल्या नव्हत्या तिच्याकडे.

सातव्या किकला लागली.
टिपणीस धोतर सावरून आरशापाशी उभे,
डोळे मिटलेले.
काळी दोन, म्हणाले. जरा उतरलेली.
उतरलेली नाही, परकार चिडले, थंड आहे.
पाच मिनिटं द्या.
पाच मिनिटं दोघेही काही बोलले नाहीत.
मी टाकीत डोकावले:
परतीच्या नळीतून तेल येत होतं, थांबत, येत,
चहासारखं लाल.

सोमवारी पहिला तास.
फळ्यावर काढून दिला: प्रमाण एकास एक,
लपलेल्या रेषा तुटक.
हे कशाचं, कुणी विचारलं नाही.
पाना असो, पुली असो, विचारत नाहीतच.
फक्त मागच्या बाकावरून एक जण,
मॅडम, जाडी लिहायची राहिली.

हो, म्हटलं,
आणि खडू उचलला.
बोटांना अजून घासलेटाचा वास होता.