चेहरा जसा असेल तसा

पाळीच्या आठवडाभर आधी ती येते.
आधी नुसतं ठणकणं,
कातडीखाली हरभऱ्याएवढं,
मग लाल.
दरवेळी हनुवटीच्या डाव्या बाजूला,
जणू तिथलं भाडं तिनं आगाऊ भरलंय.

तारुण्यपीटिका म्हणे!
शब्दात तारुण्य, आणि मी एकोणचाळीस.
मुलगी सोळाची,
तिचं कपाळ ताटलीसारखं लख्ख.

माझं दुकान तिबिलिसीत, तळघरात,
रस्त्यावरून पाच पायऱ्या खाली.
शाळेच्या निरोपाचे अल्बम असले की
मी रात्रभर पोरांचे फोड पुसत बसते.
पासपोर्टच्या फोटोला मात्र हात लावायचा नाही.
नियम आहे: चेहरा जसा असेल तसा.

वरच्या मजल्यावरची लामारा म्हणाली, गंधकाच्या हमामात जा.
गेले.
तिथल्या बाईनं खरखरीत हातमोज्यानं
मला पितळी भांड्यासारखं घासलं.
दोन दिवसांत एकीच्या तीन झाल्या.
आई फोनवर म्हणाली, अक्रोड कमी खा.
आणि मी स्वतः, आरशापाशी, नखांनी...
ते सांगत नाही.
त्याची खूण अजून आहे, मसुरीएवढी, तपकिरी.

डॉक्टर त्सिसानानं भिंगातून पाहिलं.
मळ नाही हा, म्हणाली.
तुमचं काही चुकलेलं नाही.
(एवढ्यावर मला रडू का यावं?)
संप्रेरकं वर-खाली होतात,
हनुवटीला ते आधी कळतं.
रात्री मलम, वाटाण्याएवढंच,
सगळ्या हनुवटीला, नुसत्या फोडावर नाही.
घासायचं नाही. उन्हात क्रीम लावून जायचं.
हात लांब.
आणि तीन महिने थांबायचं.

तीन महिने!
माझी गिऱ्हाइकं दहा मिनिटं थांबत नाहीत.

पहिल्या महिन्यात कांद्यासारखे पापुद्रे निघाले.
दुसऱ्यात उशीच्या निळ्या अभ्र्यावर
पांढरे ठिपके उमटले, मलमानं रंग खाल्ला.
म्हटलं, गुण आला,
पण उशीला.

काल कुताईसीची एक बाई आली, नातेला,
शेहेचाळीशीची, ग्रीसला म्हातारी माणसं सांभाळायला निघालेली.
हनुवटीवर तशीच एक, ताजी.
ही पुसता येईल? तिनं विचारलं.
दहा वर्षं हाच चेहरा दाखवायचाय तिकडे.
मी नियम सांगितला.
मग दिव्याची मान जराशी वळवली.
सावली गेली. ती राहिली.

पैसे देताना तिनं माझी हनुवटी पाहिली.
पाळीआधी?
पाळीआधी.
माझी तर आता पाळीही वेळेवर येत नाही, ती म्हणाली,
ही मात्र चुकत नाही.
दोघी हसलो, तोंडावर हात न नेता.

हा माझा तिसरा महिना.
या खेपेला एकच आली, लहान,
न ठणकता गेली.
पुढच्या महिन्याचं मला माहीत नाही.

फोटोच्या पाकिटाच्या पाठीवर
त्सिसानाचा नंबर लिहून दिला,
आणि खाली:
उशीला पांढरा अभ्रा घाला.