लपलेल्या फायली दाखवा

धुकं इतकं की क्लाक्स्विकच्या बंदरातल्या बोटी
नुसत्या आवाजापुरत्या उरल्या होत्या.
मार्युनबाईंनी दार उघडलं ते कुजबुजतच,
जणू आत कुणीतरी कान देऊन बसलंय.
"शिरलंय कुणीतरी संगणकात," म्हणाल्या,
आणि कॉफीच्या आधी हातात कागद दिला.
मागच्या बाजूला मासळी कारखान्याचं जुनं वजनपत्रक,
पुढे शाईनं उतरवलेली एकोणतीस नावं.

डेस्कटॉप डॉट आयएनआय. चार वेळा.
थम्ब्स डॉट डीबी.
शेपटीला टीएमपी लावलेल्या अकरा,
नावं अशी की मांजर कळफलकावरून चालत गेलं असावं.
"यातली एकही मी ठेवलेली नाही.
चाळीस वर्षं हिशेब लिहिलेत,
माझ्या वहीत न मांडलेली ओळ येत नाही."

एकोणीस वर्षं मी या अठरा बेटांवर हेच करतो.
लोक पडद्यावर बोट ठेवून विचारतात, हे काय आहे?
मी म्हणतो, काही नाही.
धंदाच तो. काही नाही म्हणायचं, पावती फाडायची.

बाईंना पावतीच्या आधी पुरावा हवा होता.
म्हणून सांगितलं:
डेस्कटॉपवाली ही यंत्रानं स्वतःला लिहिलेली चिठ्ठी,
कुठल्या कप्प्याला कुठलं चित्र, एवढंच.
थम्ब्स म्हणजे तुमच्याच फोटोंच्या नखाएवढ्या प्रती.
टीएमपी हे खरकटं. जेवण झालं, ताट उचललं नाही कुणी.
आणि शिरलं म्हणाल तर
नातवानं जाताना एका चौकोनात खूण केली,
लपलेल्या फायली दाखवा.
कुणी आलं नाही, बाई. दिवा लागला फक्त.

त्या ऐकत होत्या, पण नजर माझ्या बोटांवर.
बरोबरच आहे. मीही अनोळखीच.

मग तपासणी लावली. पट्टी हळूहळू सरकली.
खिडकीखालची मेंढी दोनदा खोकली.
सापडली ती त्या कागदावर नव्हतीच:
'मेंढ्यांची वाटणी, सप्टेंबर.'
अंगावर पीडीएफचं चित्र,
खऱ्या शेपटीत ईएक्सई.
"ही?" बाई हसल्या. "ही तर शेजारच्या रॅस्मुसची.
उघडली मी. काही दिसेना,
म्हणून परत उघडली."

ओळखीचा चोर जीवे सोडत नाही म्हणतात.
रॅस्मुस बिचारा वर डोंगरात मेंढ्या हाकत होता,
त्याचं नुसतं नाव कुणीतरी पांघरून आलं होतं.
बँकेला फोन झाला. यंत्र तारेवरून तोडलं, धुतलं.
पासवर्ड बदलले, आणि नवे सगळे
बाईंनी लिहून कॉफीच्या डब्यात ठेवले.
मी खिडकीबाहेर बघितलं.

"आणि ही?"
एकोणतिसावी. सुरुवातीला लाटेसारखी एक खूण,
मग डॉलर, मग अर्धवट नाव.
एकशे बासष्ट बाइट, एवढासा जीव.
कागदपत्र कुणी उघडलं की
अशी एक फाइल दाराशी राखण बसते,
मालक उठून गेला की आपोआप जाते.
ही गेली नव्हती.
बाईंनी मूळ कागदपत्रावर टिचकी मारली.
पडदा म्हणाला:
हाइनी ही फाइल वापरत आहेत.
फक्त वाचण्यासाठी उघडायची का?

ज्या रात्री वीज गेली, त्या रात्रीची तारीख.
वीज सकाळी आली. माणूस तोवर इस्पितळात,
आणि तिथून पुढे कुठे ते बाईंनी सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
त्यांनी 'हो' दाबलं.
बोटीचा रंग. तळाला लाल, दोन डबे.
ब्रश जुनेच चालतील. मार्युनला विचारणे की

पुढे पांढरं.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं,
"हिच्यापासून धोका आहे का काही?"
काही नाही,
हे माझ्या जिभेवर एकोणीस वर्षं तयार असतं.
"राहू द्या," म्हणालो. "जागा फारशी घेत नाही."