शिक्का

कारातूतच्या नाक्यावर एकवीस वर्षं
मी शिक्के मारले.
कालव्याच्या या काठावर आमचा किरगिझ झेंडा,
त्या काठावर उझबेकांचा,
मधे पूल, सत्तावीस पावलांचा.
थंडीत एकोणतीस होतात;
बर्फावर माणूस आखूड चालतो.

मला माणसं चेहऱ्यानं कमी, पानांवरून जास्त ठाऊक.
रोझीखानचा पासपोर्ट दोन वर्षांत भरायचा.
तिचं माहेर समोरच,
भिरकावलेलं सफरचंद पडेल तिथं.
"सफरचंदाला फोटो लागत नाही, साहेब,"
दर गुरुवारी ऐकवायची,
आणि मी दर गुरुवारी
न ऐकल्यासारखं करून तारीख फिरवायचो.

मामाशरीपच्या वहीत मात्र एकच शिक्का.
त्याचा भाऊ पलीकडे वारला
तेव्हा तो ओळखपत्र घेऊन धावत आला होता,
अंगात घरातलाच सदरा.
पासपोर्ट नव्हता. मी परत पाठवला.
जिल्ह्याहून छापून यायला नऊ दिवस लागले,
आणि आमच्याकडे माती
सूर्य मावळायच्या आत देतात.
दहाव्या दिवशी त्यानं वही पुढं केली,
मी कोऱ्या पानाच्या बरोब्बर मधोमध शिक्का उठवला.
नियम माझा नव्हता.
हात माझा होता.

यंदा तुतीला कोंब फुटले तेव्हा राजधानीहून कागद आला:
एक तारखेपासून शेजारच्या देशात जायला
ओळखपत्र पुरे.

पहिल्या दिवशी कुणाचा विश्वासच बसेना.
सगळे दोन्ही घेऊन आले.
रोझीखाननं पासपोर्ट उघडून धरला,
"मारून ठेवा. उगाच नंतर कटकट नको."
म्हटलं, आता नाही मारत.
ती घुटमळली. मागं रांग खोळंबली.
"मग मी जाऊन आले
हे कळायचं कसं कुणाला?"

महिन्याभरात ती हा प्रश्न विसरली.
आता येते ती हाताला कणीक तशीच,
कार्ड दोन बोटांच्या चिमटीत.
पोरं पलीकडे केस कापायला जातात, तिथं स्वस्त पडतं.
एक म्हातारा चष्मा विसरला म्हणून परत गेला,
चष्मा घेऊन आला, आणि टोपी तिथंच राहिली.
परवा एक बाई झाकलेलं पातेलं घेऊन धावली;
झाकणाखालून वाफ येत होती अजून.
या पुलावरून गरम जेवण जाताना
मी पहिल्यांदा पाहिलं.

शिक्का खणात आहे.
शाईची गादी सुकू नये म्हणून
सोमवारी दोन थेंब पाणी घालतो.
कशासाठी, विचारू नका.

मामाशरीप शुक्रवारी जातो.
इतक्या वर्षांत माझ्याशी कामापुरतंही बोलला नव्हता.
गेल्या शुक्रवारी मला सुट्टी होती,
पुलाजवळ उगाच उभा होतो, साध्या कोटात.
तो थांबला. म्हणाला, "येतोस?"

एकवीस वर्षांत मी पूल ओलांडला नव्हता.
पलीकडच्या चौकीतल्या पोरानं माझं कार्ड बघितलं,
माझ्याकडे बघितलंही नाही.
"जा काका."
इतकंच असतं हे?

कबरीवर गवत गुडघाभर.
मामाशरीपनं ओंजळ धरली, मीही धरली.
माझा अंगठा अजून निळा आहे,
नखाच्या कडेला. साबणानं जात नाही.
त्यानं तो पाहिला.
मला वाटलं, आता बोलेल.
त्यानं रोटी मोडली
आणि त्याच हातावर ठेवली, मोठा तुकडा.

परतताना मी पावलं मोजली.
एकतीस भरली.
पिशवीत त्याच्या वहिनीनं दिलेले जर्दाळू होते,
जड होती पिशवी,
दुसरं काही नाही.