काट्याला शून्य लावताना

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात
मिरचीच्या ठसक्यानं डोळे पुसत
मी काटा उघडून बसलोय.
पत्र्याखाली हळदीचा थर,
लोडसेलच्या फटीत अडकलेला एक धणा.
एवढ्याशा धण्यापायी छेडाशेठ
आठ दिवस हिंदुराव हमालाला चोर समजत होते.

माझं हे तिसऱ्यांदा स्वतःचं.
म्हणजे नोकरी, गाळा, नोकरी, गाळा, नोकरी
आणि आता खांद्यावर ही पिशवी.
कुंदा बोटांवर मोजते, म्हणते,
"पुरुषांचंही सासर-माहेर चालू असतं म्हणायचं."
यातलं माहेर कुठलं, ते तिनं सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

पहिली नोकरी रबाळ्याला, एकोणनव्वद साली.
आठचा भोंगा, दाराशी मस्टर,
आणि लाल मखमलीच्या पेटीत पितळी वजनं,
उघड्या हातानं शिवायची नाहीत अशी.
"घामालाही वजन असतं," मेस्त्री म्हणायचे,
"पण ते कुणी धरत नाही."

मग अंगात आलं.
कोपरखैरण्यात जिन्याखालचा गाळा, सहा बाय आठ.
बोर्डावरच्या प्रोप्रायटरमधला एक र पेंटरनं खाल्ला
तो तसाच राहिला सहा वर्षं.
वसुलीला जाणारा मी,
आणि वसुलीवाला आला की शटर अर्धं ओढणाराही मीच.
एक तारीख उजाडायची
आणि काहीच व्हायचं नाही.
ज्यानं कधी पगार घेतलाय
त्यालाच ऐकू येतो तो शुकशुकाट.

नोकरीत काटा घड्याळाचा होता.
धंद्यात, पायातला.

थोरलीच्या दहावीला महाप्यात मुलाखत दिली.
समोरच्या पोरीनं विचारलं, "मधे काय करत होतात?"
मी सांगत गेलो. तिच्या फॉर्मात तेवढी जागा नव्हती.
तिनं लिहिलं : गॅप.
सहा वर्षं अर्धं मार्केट माझ्या पान्यावर तोलत होतं.
गॅप.

पण खोटं कशाला बोलू,
पहिल्याच महिन्यात ताप आला
आणि तापाचेही पैसे मिळाले.
पेटत्या कपाळानं अंथरुणात पडून
मी हिशोब करत होतो,
एका डिग्रीला किती पडले.

ती का सोडली, याची कारणं मी तीन-चार सांगतो,
माणूस बघून.
खरं एवढंच, की साहेब म्हणाले,
दुरुस्त होणारा काटा भंगारात लिहा, नवा विका.
दोन वर्षं लिहिलंही.
मग एकदा हात अडला.
पुढचा गाळा टाळेबंदीत गेला,
पुढची नोकरी माझ्या छप्पन्नाव्या वाढदिवसाच्या
केकसकट संपली. केक बरा होता.

असो. इथली फरशी एका अंगाला उतरलीय.
पिशवीच्या कप्प्यात जुनी कार्डं असतात माझी,
फेकवली नाहीत. कागद जाड, कामाचा.
डाव्या पायाखाली आधी 'सीनियर टेक्निशियन' सरकवलं,
त्यावर तो र नसलेला 'प्रोप्रायटर',
तरी बुडबुडा हलेना.
मग 'एरिया मॅनेजर' दुमडून घातला.
बुडबुडा आला मधोमध.

शेठ गल्ल्यावरून विचारतात,
"बिल कुणाच्या नावानं देणार आता?"
सांगतो म्हटलं. आधी शून्य लागू दे.

पोती बाजूलाच पडली होती,
पण हिंदुराव स्वतःच चढला काट्यावर,
आकडी काखेत धरून, छाती फुगवून,
शेठकडे बघत.
अठ्ठावन्न किलो, दोनशे ग्रॅम.
"आकडीसकट," तो म्हणाला,
आणि उतरला.

आकडे खाली येत गेले.
शेवटच्या पाच ग्रॅमला हा नेहमी वेळ लावतो, जुना आहे.
मी पान्याला हात लावला नाही.
थांबलो.