नव्वदच्या पुढे

एकतीस वर्षं पिंपरीत हीट ट्रीटमेंटला होतो.
आठशे साठ अंशांवर गिअर लाल व्हायचे
आणि मी शेजारी बसून डबा खायचो, गार.

आता धनकवडीत, चौथ्या मजल्याच्या वरच्या गच्चीत,
पाण्याच्या टाकीला टेकून
मिक्सरच्या खोक्यात ऊन कोंडतोय
आणि नव्वदसाठी जीव टांगणीला.

मार्च. पावणेबारा. पर्वती धुळीत पुसट.
पहिला खोका: आतून सगळा चांदीचा कागद, वर प्लास्टिक.
एकसष्ट.
नुसती चकाकी. आलेलं ऊन
मानपान करून दारातूनच परत पाठवलं.
बुडाला काळा रंग दिला. चौऱ्याहत्तर.
काळं ऊन ठेवून घेतं
हे मी भट्टीवर नाही,
छत्रीखाली शिकलो होतो.

बोहरी आळीतून काच आणली, चार मिलीमीटर,
बसमध्ये मांडीवर उभी धरून,
कुणाच्या तरी लग्नाचा फोटो न्यावा तशी.
ब्याऐंशी.

भिंतींत थर्माकोल भरला, तो दुपारी आक्रसला.
वास सुटला तसा खालचा ओजस धावत वर,
"आजोबा, काय जळलं?"
जळलं नाही रे, चुकलं.
मग चिंध्या, रद्दी,
कंपनीचे खाकी युनिफॉर्म, दोन जोड.
अठ्ठ्याऐंशी.
तिथेच अडलं, तीन दिवस.
वहीत अठ्ठ्याऐंशीखाली अठ्ठ्याऐंशी.

कुमुदिनी पापड वाळत घालायला आली.
झाकणाच्या कडेवरून तळहात फिरवला.
"इथून जातंय सगळं."
थर्मामीटरकडे पाहिलंसुद्धा नाही.
खाली गेली, कणकेचा गोळा घेऊन आली,
दोरीसारखा वळून फटीत बसवला,
अंगठ्यानं दाबत चारी बाजूंनी,
करंजीची कड दाबावी तसा.

पंच्याण्णव.
एकशे दोन.
मी मोठ्यानं वाचत होतो, ती पापड उलटत होती.
एकशे सहाला काचेला आतून धुकं धरलं,
डाळ दिसेनाशी झाली.

अडीचला उघडलं.
डाळ शिजली होती, एवढंच सांगतो.
मीठ घालायचं राहिलं होतं.

फटीतली कणीक मात्र तांबूस, कडक.
तिनं तुकडा मोडला, वास घेतला, तोंडात टाकला,
बराच वेळ चावत राहिली
टाकीच्या सावलीत उभी.
मी पेन उघडून थांबलो.

"उद्या ओवा घालते," म्हणाली,
"फटीत."