अर्धं मूळ

वैजापूरच्या रानातून दुरसिंगदादा
सर्पगंधेचं मूळ आणायचा, ओल्या फडक्यात.
दाताखाली धरायचा, थुंकायचा,
मग म्हणायचा, खरं शे.
तीन-तीन पावसाळे लागायचे त्या कडूपणाला.

आमच्याकडे तीन दिवस.
बाहेर जळगाव सेहेचाळीसवर,
आत फ्लास्क तीसवर, गोल गोल हलणारे.
पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या पोटात
त्या मुळाची सोळा जनुकं.
चाळीस वेळा त्यानं साखर खाल्ली
आणि काखा वर केल्या.
एक्केचाळिसाव्या वेळी यंत्राच्या कागदावर
रेघ जराशी उठली,
झोपलेल्यानं भुवई उचलावी तशी.

दादाला बोलावलं.
नको म्हणताना दारात चपला काढल्या.
फ्लास्क हुंगला : हाऊ ते महूना माठना वास!
आणि लगेच, कडू शे का?
इथं चाखत नाहीत, मी म्हटलं. यंत्र चाखतं.
तो यंत्राकडे बघत राहिला,
दुसऱ्याच्या ताटात बघावं तसा.

मग विचारलं, काढताना अर्धं ठेवतेस ना?
रानात अर्धं मूळ परत खड्ड्यात जातं,
नाहीतर पुढच्या खेपेला
डोंगर ओळख देत नाही.

मी डीप फ्रीझरचं झाकण उघडलं.
उणे ऐंशी. धूर. बोटभर नळ्या.
एकीवर मार्करनं : दु-४१.
दु म्हणजे?
कोड आहे, दादा.

तो वाकला,
धुरात हात घालता घालता थांबला.
बुजी टाक आते, म्हणाला,
वारा लागी जाई.